युसीसिमला तीन कन्सोल जोडले की गोंधळ का होतो, आणि मी तो कसा टाळतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या तिघांनी 8051 या मायक्रोकंट्रोलरवरचा (एका चिपवरच्या छोट्या संगणकावरचा) प्रकल्प घेतलाय. बोर्ड एकच, आणि तोही सध्या दुसऱ्या गटाकडे. म्हणून त्यांनी एसडीसीसी कंपायलरबरोबर येणारा युसीसिम हा सिम्युलेटर (चिपची नक्कल करणारा प्रोग्राम) लॅबमधल्या एका लिनक्स मशीनवर चालवला, नेटवर्क पोर्ट उघडला आणि तिघेही टेलनेटने (नेटवर्कवरून कमांड द्यायच्या साधनाने) आत शिरले. त्यानंतर चार तक्रारी. एकाने 'रन' दिलं की त्याचं टर्मिनल मुकं होतं. काय झालं बघू म्हणून त्याने एंटर दाबलं की सगळ्यांचाच प्रोग्राम थांबतो. दुसऱ्याला एका काउंटरची किंमत मधूनच शून्य दिसते. आणि संध्याकाळी तिघंही 'क्विट' देऊन घरी गेले तरी सकाळी पोर्ट अडकलेलाच. शेवटी विचारलंय: सिम्युलेटरमध्ये बग आहे का?

नाही. चारपैकी तीन गोष्टी युसीसिम मुद्दाम तशाच करतो. उरलेली एक, म्हणजे ते शून्य, ही तुमच्या कोडमधली खरी चूक असण्याची शक्यता बरीच आहे. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. कमांड आणि पर्याय मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा. पर्यायाचं अक्षर मोठं की छोटं याला युसीसिममध्ये फार महत्त्व आहे. मोठा 'एस' आणि छोटा 'एस' हे वेगळे पर्याय आहेत, 'पी'चंही तसंच. माझी स्वतःची एक अख्खी दुपार यात गेली आहे.

आता मुद्दा. कन्सोल तीन झाले म्हणून प्रोसेसर तीन होत नाहीत. तुम्ही तिघं तीन खिडक्यांतून एकाच खोलीत डोकावताय. एकच प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कुठली ते सांगणारा), एकच रॅम, एकच ब्रेकपॉइंटची (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या जागांची) यादी. एकाने लावलेला ब्रेकपॉइंट तिघांनाही थांबवतो, एकाने रीसेट दिला की तिघांचंही काम पुसलं जातं. त्यामुळे मूळ प्रश्न नेटवर्कचा नाहीच. खोलीतल्या वस्तूंना हात कोण लावणार आणि नुसतं कोण बघणार, हे तुम्ही ठरवलेलं नाही, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या दोन तक्रारी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. ज्या कन्सोलवरून 'रन' दिलं जातं तो कन्सोल युसीसिम गोठवतो. तिथे प्रॉम्प्ट परत येत नाही, आणि तिथून काहीही पाठवलं, नुसतं एंटर का असेना, की त्याचा अर्थ 'थांब' असा घेतला जातो. 'स्टॉप अॅट' अमुक पत्ता, कंसात 105, 'यूजर स्टॉप्ड' अशी ओळ दिसली असेल ती हीच. कंसात 104 असेल तर ब्रेकपॉइंट लागला. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, 'आपोआप थांबला' आणि 'कुणीतरी थांबवला' यातला फरक तिथल्या तिथे कळतो. बाकीचे कन्सोल मात्र प्रोग्राम चालू असतानाही जागे असतात. तिथून रजिस्टर बघता येतात, मेमरी बघता येते, 'स्टॉप' देऊन थांबवताही येतं. मेख अशी की थांबल्याची ती ओळ उमटते गोठलेल्या कन्सोलवर. बाकीच्या दोघांच्या पडद्यावर काहीच येत नाही. ते बिचारे प्रोग्राम चालूच आहे असं समजून आकडे बघत बसतात.

म्हणून माझ्याकडे नवी मुलं कामाला आली की पहिल्याच दिवशी एक नियम सांगतो: 'रन' एकाच कन्सोलवरून द्यायचं. तो टर्मिनल पडद्याच्या डावीकडे, त्याची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची, आणि तिथे 'रन'नंतर कुणी हात लावायचा नाही. थांबवायचं असेल तर दुसऱ्या कन्सोलवरून 'स्टॉप'. कुठला कन्सोल कुठला हे विसरायला होत असेल तर प्रॉम्प्टकडे बघा, 'पेक्षा मोठे'च्या चिन्हाआधीचा आकडा हा कन्सोलचा क्रमांक असतो.

मी सिम्युलेटर कसा सुरू करतो ते सांगतो. 'एस51' (नव्या आवृत्त्यांत हेच नाव 'युसीसिम_51' असं येतं), मग छोटा 'टी' देऊन 51, मोठा 'एक्स' देऊन 11.0592एम, मोठा 'झेड' देऊन 5555, मग मोठा 'एस' देऊन 'पोर्ट=5556', आणि शेवटी कंपायलरने तयार केलेली आयएचएक्स फाइल. पैकी 5555 हा कमांडचा दरवाजा. तिथे हवे तितके कन्सोल जोडा. 5556 हा 8051 च्या सिरियल पोर्टचा दरवाजा.

हे दोन दरवाजे वेगळे ठेवणं हा निम्मा इलाज आहे. पहिल्यावर तुम्ही सिम्युलेटरशी बोलता, दुसऱ्यावर तुमच्या फर्मवेअरशी. तुमचा प्रोग्राम एसबफमध्ये (सिरियल पोर्टच्या रजिस्टरमध्ये) जे टाकतो ते दुसऱ्या दरवाजातून बाहेर येतं. सिरियलचं आउटपुट बघायला कमांड कन्सोलच थांबवून एसबफ वाचत बसणारी मुलं मी पाहिली आहेत. अशाने प्रत्येक अक्षरामागे एकदा थांबावं लागतं, आणि वर वेळेचं सगळं गणित बिघडतं.

वेळेचं निघालंच आहे तर तिथे थोडं थांबू. सिम्युलेटरमधला एक सेकंद आणि भिंतीवरच्या घड्याळातला एक सेकंद यांचा संबंध नाही. 11.0592 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि बारा क्लॉकला एक मशीन सायकल, म्हणजे सेकंदाला 9,21,600 मशीन सायकल. आजचा संगणक एवढं काम सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकतो. तुमच्या फर्मवेअरने 'दोन सेकंद उत्तराची वाट बघ, नाही आलं तर एरर' असं म्हटलं असेल, तर तुम्ही सिरियलच्या टर्मिनलवर पहिलं अक्षर टाइप करेपर्यंत ते दोन सेकंद कधीच संपलेले असतात. कोड बरोबर असतो, बॉड रेटही (सिरियलचा वेग) बरोबर असतो (टीएच1 या टायमरच्या रजिस्टरमध्ये 0xएफडी टाकलं की या क्रिस्टलला 9600 बरोब्बर येतो), तरी 'टाइमआउट' येत राहतं आणि माणूस चक्रावतो. खरा गेलेला वेळ बघायचा तर 'स्टेट' कमांड द्या. रीसेटपासून किती सेकंद आणि किती क्लॉक झाले ते त्यात येतं. त्यातच स्टॅक पॉइंटर जास्तीत जास्त कुठवर गेला होता तेही येतं. 8051 ची आतली रॅम 128 बाइटची, आणि रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर 0x07 वर असतो. तो कमाल आकडा 0x70 च्या पुढे सरकायला लागला की मी सगळं काम बाजूला ठेवून आधी तिकडे बघतो. तिघांपैकी जो नुसता बघणारा आहे त्याने हे एकच काम नेमाने केलं तरी पुष्कळ झालं.

टाइमआउटवर उपाय दोन. माणसाने टाइप करण्याऐवजी छोट्या स्क्रिप्टने उत्तर द्यायचं, किंवा चाचणीपुरती मुदत वाढवायची. मी पहिला पसंत करतो, कारण दुसऱ्यात वाढवलेली मुदत परत कमी करायला विसरण्याची आपल्या सगळ्यांची परंपरा आहे.

स्क्रिप्टवरून माझीच एक फजिती सांगतो. पंपाच्या पॅनलसाठी मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरावीक नियमांवर) बोलणारं एक छोटं कार्ड करत होतो. मोटार चालू करायची फ्रेम आठ बाइटची: 01 05 00 00 एफएफ 00 8सी 3ए. सिम्युलेटरच्या सिरियल दरवाजावर ती पाठवायला पायथनमधली टेलनेटची तयार लायब्ररी वापरली, कारण कमांड कन्सोलसाठी तीच वापरत होतो. फर्मवेअर म्हणतंय सीआरसी (फ्रेमच्या शेवटचे पडताळणीचे दोन बाइट) चुकला. सीआरसी हाताने काढला, दोनदा काढला, बरोबर. तक्ता बदलून बघितला, बाइटचा क्रम उलटा करून बघितला. शेवटी आत आलेले बाइट मोजले तर नऊ निघाले. टेलनेटच्या नियमात 255, म्हणजे एफएफ, हा विशेष बाइट आहे. डेटामध्ये तो आला तर तो दोनदा पाठवायचा असतो, आणि लायब्ररी ते काम अगदी इमानदारीत करत होती. साधं सॉकेट उघडून फ्रेम पाठवली आणि ती पहिल्या फटक्यात चालली.

त्यामुळे कमांडच्या दरवाजावर टेलनेट ठीक, सिरियलच्या दरवाजावर साधं सॉकेट किंवा नेटकॅट (बाइट जसेच्या तसे पाठवणारं साधन). माणसाने टेलनेटने टाइप करायचं असलं तरी लक्षात ठेवा की एंटर दाबल्यावर एकटा सीआर (ओळीच्या सुरुवातीला न्यायचा बाइट) जात नाही, मागे एलएफ (नव्या ओळीचा बाइट) किंवा शून्याचा बाइट जोडून जातो. तुमचा मेनू 'चुकीचा पर्याय' असं दर वेळी एकदा जास्त छापत असेल तर कारण हेच. आणि मॉडबससारखी फ्रेम असेल तर ती एकाच वेळी, अख्खी पाठवा. 9600 ला साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे जेमतेम 4 मिलिसेकंद. एकेक बाइट सुटा पाठवलात तर सिम्युलेटरच्या घड्याळात मधल्या मध्ये तेवढा वेळ निघून जातो आणि फ्रेम तुटते.

आता ते शून्य. तुम्ही लिहिलंय की काउंटर 16 बिटांचा आहे, चाकाच्या दात्यांचे पल्स मोजतो, आणि दुसऱ्या कन्सोलवरून बघताना 250, 252, 255, मग एकदम 0, मग 258 असं दिसतं. तो आतल्या रॅममध्ये 0x30 आणि 0x31 ला आहे असं धरू. 8051 एका वेळी एकच बाइट हाताळतो. कंपायलर आधी खालच्या बाइटमध्ये एक मिळवतो आणि 0x30 ला लिहितो, मग हातचा वरच्या बाइटमध्ये मिळवून 0x31 ला लिहितो. काउंटर 255 असताना 0x30 मध्ये एफएफ आणि 0x31 मध्ये 00 असतं. पहिलं लिखाण झालं की दोन्हीकडे 00. दुसरं झालं की 0x31 मध्ये 01, म्हणजे 256. मधल्या दोन-तीन सूचनांपुरता काउंटर खरोखरच शून्य असतो. तुमच्या मित्राची कमांड नेमकी त्या फटीत पोचली. सिम्युलेटर दोन सूचनांच्या मध्येच कन्सोलकडे लक्ष देतो, अर्धवट सूचना कधी दाखवत नाही. म्हणजे त्याने दाखवलं ते खरंच होतं.

इथवर कुणी म्हणेल, बरं, नुसता दिसण्याचा दोष, सोडून द्या. मीही एकदा असंच सोडून दिलं होतं. पण ज्या फटीत तुमचा कन्सोल डोकावला त्याच फटीत तुमचा मुख्य लूपही डोकावू शकतो का, हे तपासा. काउंटर इंटरप्टमध्ये (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) वाढतो आणि मुख्य लूपमध्ये वाचला जातो. लूपने आधी एक बाइट उचलला, तेवढ्यात इंटरप्ट आला, काउंटर वाढला, मग लूपने दुसरा बाइट उचलला. मिळालेली किंमत जुनीही नाही आणि नवीही नाही. आमच्या कार्डात हे शेतावर जाऊन दिसलं. प्रवाह-मापक दिवसातून एखादवेळी वेडावाकडा आकडा दाखवायचा आणि आम्ही वायरिंगला, अर्थिंगला, शेजारच्या मोटारीला दोष देत बसलो. सिम्युलेटरने दोन महिने आधी तेच दाखवलं होतं. इलाज तीन ओळींचा आहे: वाचण्याआधी तो इंटरप्ट बंद, दोन्ही बाइट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवा, इंटरप्ट चालू.

हे पकडायला दोन कन्सोल खरोखर कामाला येतात. एका कन्सोलवरून 0x30 या आयरॅम (आतल्या रॅमच्या) पत्त्यावर लिखाणाचा ब्रेकपॉइंट लावा ('ब्रेक', मग 'आयरॅम', मग 'डब्ल्यू', मग पत्ता), दुसऱ्यावरून 'रन'. थांबलं की पहिल्यावरून मेमरी बघा, स्टेप द्या, परत बघा. हातचा बाइट ओलांडून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. वर्गात फळ्यावर तास घालवून जे पटत नाही ते इथे पाच मिनिटांत पटतं.

चौथी तक्रार सोपी. 'क्विट' फक्त तुमचा कन्सोल बंद करतं. 'झेड'ने सुरू केलेला सिम्युलेटर पुढच्या जोडणीची वाट बघत मागे चालूच राहतो, म्हणून सकाळी पोर्ट अडकलेला. सिम्युलेटरच बंद करायचा तर 'किल'. पण 'किल' विचारत नाही, सगळ्यांना घेऊन जातो. आमच्याकडे दिवसअखेर 'रन'वाला माणूसच 'किल' देतो, बाकीच्यांनी 'क्विट'. एखाद्याला क्यूईएमू या दुसऱ्या सिम्युलेटरची सवय असेल तर त्याला हे आवर्जून सांगा. तिथल्या मॉनिटरमध्ये 'क्विट' म्हणजे सगळाच कारभार आटोपला, आणि तीच सवय उलट्या बाजूने इथे नडते.

क्यूईएमूचा विषय आलाच आहे, आणि पुढच्या वर्षी तुम्ही आर्म प्रोसेसरवर जाल, तर एवढंच सांगतो की प्रत्येक साधनाचा बहु-कन्सोलचा हिशेब वेगळा असतो. क्यूईएमूमध्ये एका टेलनेट पोर्टवर एका वेळी एकच जण बसतो. दुसरा जोडला जातो, त्याला 'कनेक्टेड' दिसतंही, पण पुढे शुकशुकाट, पहिला उठेपर्यंत. दोघांना हवं तर दोन मॉनिटर, दोन पोर्ट असं आधीच मागावं लागतं. ओपनओसीडी या साधनात खऱ्या बोर्डाशी बोलताना माणसांसाठी 4444, जीडीबी या डीबगरसाठी 3333 आणि टीसीएल स्क्रिप्टसाठी 6666 अशी मुळातच वाटणी केलेली असते. मला ती फार आवडते. माणूस आणि स्क्रिप्ट एकाच दरवाजातून आले की भांडतातच.

युसीसिमला स्क्रिप्ट जोडायची तर छोटी युक्ती: मोठा 'पी' पर्याय दिला की प्रॉम्प्टऐवजी शून्याचा बाइट येतो. उत्तर कुठे संपलं हे ओळखायला स्क्रिप्टला तो बाइट शोधला की पुरतं. पडद्यावर मात्र माणसाला प्रॉम्प्ट दिसत नाही, म्हणून तो पर्याय फक्त आपोआप चालणाऱ्या चाचण्यांपुरता ठेवा. रोज त्याच त्या कमांड द्यायच्या असतील तर त्या एका फाइलमध्ये लिहून मोठ्या 'सी' पर्यायाने सुरुवातीलाच चालवता येतात. आमचे नेहमीचे ब्रेकपॉइंट तिथेच असतात.

राहिला तुम्ही न विचारलेला प्रश्न: तिघांनी एकच सिम्युलेटर वापरावाच का? ते तुम्ही काय करताय यावर आहे. तिघं तीन वेगळे भाग लिहीत असाल, एक एलसीडी, एक सिरियल, एक सेन्सर, तर अजिबात नाही. प्रत्येकाने आपापला सिम्युलेटर सुरू करावा, पोर्ट 5555, 5565, 5575 असे लांब लांब घ्यावेत, म्हणजे सिरियलचा दरवाजा मध्ये बसतो. सिम्युलेटर फुकट आहे, हवे तितके चालवा. सगळे भाग जोडल्यावर एकत्र बसून दोष शोधायचा असेल तेव्हा मात्र एकच सिम्युलेटर, एक चालवणारा, दोन बघणारे. आणि दुसरा नुसताच बघणार असेल, काही टाइप करणारच नसेल, तर वेगळा कन्सोलही नको. टीमक्समध्ये (टर्मिनल वाटून घ्यायच्या प्रोग्राममध्ये) एकच टर्मिनल दोघांनी उघडा, दोघांना तेच दिसेल.

या दरवाजांना पासवर्ड नाही, हे विसरू नका. लॅबच्या नेटवर्कवर कुणीही येऊन 'किल' देऊ शकतो, आणि परीक्षेच्या आठवड्यात देतोही. 'एसएस' कमांडने बघा की पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकतोय. फायरवॉलमधून तो बाहेर बंद करा आणि घरून किंवा दुसऱ्या मशीनवरून यायचं तर एसएसएचच्या (सुरक्षित जोडणीच्या) बोगद्यातून या. विंडोजच्या मशीनवर टेलनेट सापडत नसेल तर गोंधळू नका, तिथे ते मुळात बंद असतं. पुट्टी हा टर्मिनल प्रोग्राम घ्या, कमांडसाठी टेलनेट आणि सिरियलसाठी 'रॉ' निवडा.

आज फक्त एवढं करा. जुना सिम्युलेटर 'किल' करा, वर दिला तसा दोन दरवाजांनी नवा सुरू करा, 'रन' कुणी द्यायचं ते ठरवा, आणि 0x30 वर लिखाणाचा ब्रेकपॉइंट लावून एकदा 255 ओलांडून बघा. मुख्य लूपमध्ये काउंटर वाचताना इंटरप्ट बंद करूनही आकडा वेडावाकडा येत असेल तर इंटरप्टचा आणि वाचण्याचा, दोन्ही ठिकाणचा कोड इथे टाका. रविवारी सकाळी मला थोडा निवांत वेळ असतो, तेव्हा बघतो.